चॅसिस तीच, बॉडी नवी : ‘नवा’ ब्राउझर वापरून पाहण्याआधी

२०२५ हे वर्ष ब्राउझरच्या दुनियेत बरेच गजबजलेले गेले. मार्चमध्ये केंद्र सरकारच्या भारतीय वेब ब्राउझर विकास स्पर्धेचा निकाल लागला आणि झोहो कंपनीच्या ‘उला’ या ब्राउझरला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. जुलैमध्ये पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीचा ‘कॉमेट’ आला, ऑक्टोबरमध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा ‘ॲटलस’ आला. ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, मायक्रोसॉफ्ट एज ही मंडळी त्याआधीपासून मैदानात होतीच. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, आणि जाहिरातीत ती क्वचितच सांगितली जाते : हे सारे ब्राउझर क्रोमियम नावाच्या एकाच तयार कोडवर उभे आहेत, आणि गुगलचा क्रोमही त्याच कोडवर उभा आहे.

त्यामुळे लातूरच्या अभ्यासिकेतला विद्यार्थी असो की सेलूच्या महा ई-सेवा केंद्राचा चालक, नव्या ब्राउझरचे नाव काढले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘नवीन म्हणता, पण आतून तर क्रोमच आहे ना?’ हा आक्षेप रास्त आहे आणि अर्धा खराही आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायचा, तर ब्राउझर आतून कसा असतो ते थोडे पाहावे लागते.

पडद्यामागचे काम

संकेतस्थळाचे पान आपल्याकडे तयार चित्र म्हणून येत नाही. महाभूलेखवर जिल्हा, तालुका आणि गाव निवडण्याचे पान उघडले, तर सर्व्हरकडून येतो तो मजकुराचा आणि सूचनांचा गठ्ठा : अमुक शब्द शीर्षक आहे, अमुक जागी यादी उलगडावी, जालना निवडले की जालन्याचेच तालुके दाखवावेत. हा गठ्ठा वाचून, त्यातल्या आज्ञा पाळून पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवणाऱ्या भागाला इंजिन म्हणतात.

हे काम वाटते त्यापेक्षा फार किचकट आहे, आणि त्याची कल्पना येण्यासाठी आपली मराठी अक्षरेच पुरेशी आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांत तोच र दोन वेगळी रूपे घेतो. एकात तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात आडवा होऊन य च्या अंगाला चिकटतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना ती आधी काढावी लागते. प्रत्येक अक्षरापाशी हा निवाडा करण्यासाठी क्रोमियम आणि फायरफॉक्स हे एरवीचे प्रतिस्पर्धी हार्फबझ नावाचा एकच सामाईक घटक वापरतात. त्यामुळे आज मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे बहुतेक ब्राउझरांत सारखीच दिसतात. युनिकोड ही अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत रुळण्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आठवत असेल की अनेक संकेतस्थळांचा फाँट वेगळा उतरवून घ्यावा लागे किंवा इंटरनेट एक्सप्लोररच उघडावा लागे. नाही तर बातमीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत.

इंजिनाभोवती दुसरा थर असतो. टॅबची रचना, बुकमार्क, पासवर्डची साठवण, कोणते शोधयंत्र आधीपासून निवडलेले असावे, जाहिराती अडवायच्या की नाही, आपल्या वापराची माहिती कंपनीकडे किती पाठवायची, हे सारे या थरात ठरते. नवा ब्राउझर काढणारी कंपनी बहुतेक मेहनत याच थरावर घेते.

चिकलठाण्याची कार्यशाळा

छत्रपती संभाजीनगरमध्ये चिकलठाणा येथे एसटी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. वाहन कंपनीकडून आलेल्या, इंजिन बसवलेल्या चॅसिसवर, म्हणजे चाकांसह आलेल्या सांगाड्यावर, तेथे बसची बॉडी बांधली जाते. चॅसिस बाहेरून आली म्हणून त्या बसला कोणी ‘दुसऱ्याची गाडी’ म्हणत नाही. आसने, खिडक्या, दरवाजा आणि रंग महामंडळाच्या गरजेप्रमाणेच असतात, आणि प्रवाशाचा संबंध बहुतांशी त्यांच्याशीच येतो. गाडी घाटात बंद पडली, तर मात्र कारण बहुधा चॅसिसवरच्या यंत्रात सापडते.

क्रोमियम ही अशीच तयार चॅसिस आहे, आणि ती फुकट मिळते. तिचा कोड मुक्त स्रोत, म्हणजेच ओपन सोर्स आहे : तो कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून त्यावर स्वतःचे उत्पादन बांधता येते. कोट्यवधी ओळींचा हा कोड गुगलने २००८ मध्ये क्रोमसोबत खुला केला आणि आजही त्यात सर्वाधिक भर गुगलचे अभियंतेच घालतात.

एका जागी मात्र हे उदाहरण तुटते, आणि पुढचे सगळे म्हणणे त्या जागेवरच उभे आहे. बसची चॅसिस एकदा घेतली की काम झाले. ब्राउझरची चॅसिस सतत नव्याने येत राहते. क्रोमने २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी मोठी आवृत्ती काढण्याचे वेळापत्रक स्वीकारले, आणि २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या आठवड्याला येऊ लागल्या. म्हणजे क्रोमियमवर ब्राउझर बांधणाऱ्याला प्रत्येक वेळी आपली बॉडी उतरवून ती नव्या चॅसिसवर पुन्हा नीट बसवावी लागते, आणि कंपनी ब्राउझर चालवते तोवर हे काम संपत नाही.

या कोडची वंशावळ

दुसऱ्याच्या कोडवर ब्राउझर बांधणे ही फसवणूक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी खुद्द क्रोमचा इतिहास पाहावा. केडीई या मुक्त प्रकल्पातील स्वयंसेवकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस केएचटीएमएल नावाचे इंजिन लिहिले. ॲपलने तेच घेऊन त्यावर वेबकिट घडवले आणि जानेवारी २००३ मध्ये सफारी आणला. केएचटीएमएलच्या परवान्यात अट होती की कोड सुधारून वाटायचा असेल, तर सुधारणाही खुल्या कराव्यात. त्यामुळे ॲपलसारख्या कंपनीलाही इंजिनातले आपले बदल जगापुढे ठेवावे लागले. पुढे २००८ मध्ये गुगलने वेबकिटवर क्रोम उभारला आणि २०१३ मध्ये त्यापासून फारकत घेऊन ब्लिंक हे इंजिन वेगळे केले. क्रोमियमच्या पोटात आज आहे ते हेच ब्लिंक.

दुसरी शाखा नेटस्केपची. मायक्रोसॉफ्टशी झालेल्या स्पर्धेत मागे पडल्यावर १९९८ मध्ये नेटस्केपने आपला कोड खुला केला, त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. फायरफॉक्सचे इंजिन गेको. त्यावरही इतरांनी इमले बांधले आहेत. टॉर ब्राउझर आणि लिब्रवुल्फ ही त्यातली ठळक नावे.

ही सारी वंशावळ एका ओळीत वाचायला मिळते. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाला आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. क्रोम स्वतःची ओळख सांगताना त्या ओळीत मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, ‘गेकोसारखा’, क्रोम आणि सफारी इतकी सगळी नावे घेतो. ठरावीक नाव दिसल्याशिवाय नीट पान न देणारी संकेतस्थळे एके काळी पुष्कळ होती, म्हणून प्रत्येक नवागताने आधीच्यांची नावे आपल्या ओळखीत ओवून घेतली. विवाल्डीने तर डिसेंबर २०१९ मध्ये कंटाळून बहुतेक संकेतस्थळांपुढे स्वतःचे नाव सांगणेच सोडले, कारण नाव वाचून त्याला विनाकारण अडवले जात होते आणि क्रोम म्हणून गेले की तेच पान सुरळीत उघडत होते.

‘मग हे क्रोमच झाले की’

पान रंगवण्यापुरते पाहिले तर होय. क्रोममध्ये चालणारे संकेतस्थळ ब्रेव्हमध्ये किंवा एजमध्ये बहुधा तसेच चालेल. नवा ब्राउझर ‘दुप्पट वेगवान’ असल्याच्या दाव्यावर म्हणूनच फारसा विश्वास ठेवू नये. इंजिन तेच असताना वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडणार कोठून? फरक जाणवला, तर तो बहुधा जाहिराती आणि माग काढणारे कोड अडवल्यामुळे पडलेला असतो. चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर तोही चांगलाच जाणवतो, हे मान्य करायला हवे.

बाकीच्या बाबतींत फरक खरा आहे. क्रोमियमचा कोड फुकट असला, तरी त्याला जोडलेल्या गुगलच्या सेवा फुकट मिळत नाहीत. क्रोमियमवर बांधलेले काही ब्राउझर गुगलच्या खात्यातून बुकमार्क आणि पासवर्ड जुळवून घेण्याची सोय वापरत होते; ती सोय गुगलने मार्च २०२१ मध्ये बंद केली. तेव्हापासून प्रत्येकाला आपली व्यवस्था आपणच करावी लागते. पानाचे भाषांतर, घातक संकेतस्थळांचा इशारा, चित्रपट दाखवणाऱ्या सेवांना लागणारी कुलूपबंद यंत्रणा, हेही सगळे इंजिनाबाहेरचे मामले. आपल्या घरात कोणी इंग्रजी पान मराठीत भाषांतर करून वाचत असेल, तर नव्या ब्राउझरात ती सोय आहे का आणि मराठीला आहे का, हे आधी तपासावे.

‘ओपन सोर्सवर बांधलेला’ आणि ‘ओपन सोर्स’ यांत गल्लत केली जाते, ती काही वेळा सोयीस्करपणे केली जाते असे माझे मत आहे. क्रोमियमचा परवाना इतका सैल आहे की त्यावर बांधलेली बॉडी पूर्णपणे बंद ठेवता येते. क्रोम आणि एज हे पूर्ण खुले नाहीत. विवाल्डीचा दर्शनी भाग खुला नाही. ब्रेव्हचा कोड खुला आहे. तेव्हा चॅसिस उघडी आहे एवढ्यावर गाडीत काय काय बसवले आहे ते कळत नाही.

आणि पैसे? ब्राउझर फुकट मिळतो, पण तो चालवायला खर्च येतोच. बहुतेकांची कमाई शोधयंत्रातून होते. गुगलने २०२१ या एका वर्षात आपले शोधयंत्र ठिकठिकाणी आधीपासून निवडलेले असावे यासाठी २६.३ अब्ज डॉलर मोजले, असे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले; मोझिलाचे बहुतेक उत्पन्नही गुगलकडूनच येते. जून २०२० मध्ये ब्रेव्ह काही आभासी चलनाच्या संकेतस्थळांचे पत्ते पूर्ण करताना त्यात स्वतःचा दलालीचा कोड घालत असल्याचे लोकांनी पकडले, तेव्हा कंपनीने माफी मागून तो प्रकार थांबवला. खासगीपणाचे नाव घेणाऱ्या ब्राउझरकडूनही असे घडू शकते, म्हणून उत्पन्नाचा मार्ग विचारावा. तो संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेला नसेल, तर मी तरी असा ब्राउझर बँकेच्या कामाला वापरणार नाही.

स्वदेशी ब्राउझरात स्वदेशी काय?

हा प्रश्न उपहासाने विचारला जातो, पण त्याला नेमके उत्तर आहे. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पर्धा जाहीर केली तेव्हा इंजिन नव्याने लिहिण्याची अट घातली नव्हती. भर होता तो दोन गोष्टींवर : टोकन (स्वाक्षरीची किल्ली ठेवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण) वापरून दस्तऐवजावर डिजिटल स्वाक्षरी थेट ब्राउझरातून करता यावी, आणि भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचे, म्हणजे डिजिटल प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाचे, मूळ प्रमाणपत्र ब्राउझरच्या विश्वासयादीत असावे.

विश्वासयादी म्हणजे काय? बँकेचे पान उघडल्यावर पत्त्यापाशी कुलूप दिसते, तेव्हा ‘हे पान त्याच बँकेचे आहे’ अशी हमी कोणत्या तरी प्रमाणपत्र संस्थेने दिलेली असते. कोणकोणत्या संस्थांची हमी मानायची याची यादी ब्राउझरात किंवा संगणकाच्या प्रणालीत असते. ही यादी प्रामुख्याने ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला ठरवतात, आणि आपल्याकडची कित्येक सरकारी संकेतस्थळेही परदेशी संस्थांची प्रमाणपत्रे वापरतात. देशाची स्वतःची हमी मानणारा ब्राउझर हवा, या मागणीमागे हे कारण आहे.

याला दुसरी बाजूही आहे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या काही पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. भारताचे मूळ प्रमाणपत्र तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, त्यामुळे ती यादी मानणाऱ्या विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररसारख्या कार्यक्रमांना धोका होता. फायरफॉक्सची यादी वेगळी होती आणि तीत ते नव्हते, म्हणून तो वाचला. प्रमाणपत्रे लगेच रद्द झाली आणि क्रोमने त्यानंतर भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता मोजक्या भारतीय पत्त्यांपुरती मर्यादित केली. यादीत एक नाव वाढवले, की त्या नावाच्या हाताखालच्या प्रत्येक संस्थेची शिस्तही आपण गृहीत धरतो. स्वदेशी ब्राउझरची खरी परीक्षा येथे आहे. इंजिन कोणाचे, या वादात ती झाकली जाते.

सर्वांत मोठा धोका उशिराचा

चॅसिस सतत नव्याने येते असे वर म्हटले. ती वेळेवर बसवली नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी सप्टेंबर २०२३ मधली घटना घेऊ. वेबपी या प्रकारची चित्रे उलगडणारा लिबवेबपी नावाचा छोटा घटक क्रोमियममध्येही आहे आणि फायरफॉक्समध्येही. त्यात असा दोष सापडला की मुद्दाम घडवलेले चित्र नुसते पानावर आले, तरी हल्लेखोराला संगणकात शिरकाव मिळू शकत होता. दोष केवळ कागदावरचा नव्हता. त्याचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झाला होता. क्रोमने ११ सप्टेंबरला दुरुस्ती दिली, फायरफॉक्सने १२ तारखेला, आणि इतर ब्राउझर त्यांच्या पाठोपाठ धावले.

मुक्त कोडचा एक विचित्र पेच येथे दिसतो. दुरुस्ती उघड्यावर होते, त्यामुळे ती वाचून मूळ दोष काय होता हे कोणालाही ओळखता येते. ज्यांनी दुरुस्ती घेतली ते सुरक्षित होतात, आणि ज्यांनी घेतली नाही त्यांच्यावर कसा हल्ला करावा हे त्याच दुरुस्तीतून कळते. नव्या ब्राउझरचा गट लहान असेल, त्याने बॉडीत फार फेरफार केले असतील आणि नवी चॅसिस बसवायला तीन-तीन आठवडे लागत असतील, तर त्या काळात त्याचा वापरकर्ता उघडा असतो.

तपासणी सोपी आहे. मेनूतील ‘मदत’ किंवा ‘अबाउट’ या पानावर ब्रेव्ह, विवाल्डी यांसारखे ब्राउझर आपला क्रोमियमचा आवृत्ती क्रमांक दाखवतात. त्यातील पहिला आकडा शेजारच्या अद्ययावत क्रोमच्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहावा. काही ब्राउझर आठ आठवड्यांची सावकाश शाखा घेतात आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या मिळतात, म्हणून एका आकड्याचे अंतर चालते. तीन-चार आकड्यांनी मागे असलेला ब्राउझर कितीही देखणा असो, तो काढून टाकावा. ही तपासणी महिन्यानंतर पुन्हा करावी, कारण उद्घाटनाच्या आठवड्यात सगळेच अद्ययावत असतात.

एआय ब्राउझरचा वेगळा प्रश्न

कॉमेट आणि ॲटलस यांच्या बॉडीत एक मदतनीस बसवलेला आहे. तो पान वाचून सारांश सांगतो आणि परवानगी दिली तर आपल्या वतीने बटणेही दाबतो. येथील धोका क्रोमियमच्या दोषांहून निराळा आहे. मदतनिसाला पानावरचा मजकूर आणि मालकाची आज्ञा यांतला फरक खात्रीने ओळखता येत नाही, त्यामुळे पानात कोणी सूचना लपवून ठेवली तर तो तीही पाळू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी कॉमेटमधला असा दोष दाखवून दिला : एका टिप्पणीत सूचना लपवली होती, वापरकर्त्याने पानाचा सारांश मागितला आणि मदतनिसाने त्याच्या जीमेलमधून ओटीपी वाचून तो उघड केला. दोष दाखवणारा स्वतः प्रतिस्पर्धी आहे हे लक्षात ठेवावे, पण प्रात्यक्षिक खोटे ठरत नाही. असा ब्राउझर अभ्यासाला, वाचनाला खुशाल वापरावा; ज्या ब्राउझरात बँक, ईमेल आणि डिजिलॉकर उघडे असतात त्यात मदतनीस चालू ठेवू नये.

स्वतःचे इंजिन का लिहीत नाहीत?

कारण भल्याभल्यांनी हात टेकले. ऑपेराकडे प्रेस्टो हे स्वतःचे इंजिन होते, ते त्यांनी २०१३ मध्ये सोडले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये तोच निर्णय जाहीर केला आणि जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचा एज बाजारात आणला. पैशांची चणचण नसलेल्या कंपनीचीही ही गत झाली. लेडीबर्ड नावाचा गट सध्या पायापासून नवा ब्राउझर लिहीत आहे आणि सर्वो हे इंजिनही घडते आहे, पण रोजच्या कामाला त्यांची वाट पाहावी लागेल.

याची किंमत आहे. सगळे एका चॅसिसवर आले, की चॅसिस बनवणाऱ्याचा निर्णय सर्वांवर येतो. क्रोमने एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या कार्यक्रमांची, जुनी पद्धत २०२४ पासून बंद करत आणली, तेव्हा जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन हे लोकप्रिय एक्स्टेन्शन त्यात बाद झाले. ब्रेव्हचा जाहिरातरोधक ब्राउझरातच बांधलेला असल्यामुळे त्याला धक्का लागला नाही. पण मूळ कोडमधून काढलेली गोष्ट आपल्यापुरती कायम जपून ठेवणे कोणत्याही लहान गटाला वर्षानुवर्षे परवडणारे नाही. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवली, कारण त्याचे इंजिन वेगळे आहे. निव्वळ वेगळा पर्याय हवा असेल, तर क्रोमियमच्या कुटुंबात शोधून तो सापडणार नाही. आयफोनवर तर नाव काहीही असले तरी इंजिन वेबकिटच असते. युरोपीय संघात २०२४ पासून नियम सैल झाला, भारतात तसे झालेले नाही.

प्रत्यक्ष वापरून पाहताना

ब्राउझर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा मोबाइलच्या अधिकृत ॲप दुकानातूनच घ्यावा. शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारून घेऊ नये. जुना ब्राउझर राहू द्यावा. पहिले काही दिवस बातम्या आणि वाचन नव्यात करावे आणि मग आपल्या खऱ्या कामाची संकेतस्थळे एकेक करून तपासावीत, कारण अडचण बहुधा तेथेच येते.

परभणीतील एका केंद्रात पाहिलेला प्रकार सांगतो. आधार पडताळणीसाठी बोटांचे ठसे घेणारे यंत्र नव्या ब्राउझरात ओळखलेच जात नव्हते. चालकाने यंत्राची वायर बदलली, त्याचा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकला, बाहेर पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी आलेली मंडळी खोळंबली. यंत्र धडधाकट होते. ही यंत्रे संगणकातच चालणाऱ्या एका लहान सेवेमार्फत संकेतस्थळाशी बोलतात, आणि बाहेरच्या संकेतस्थळाने संगणकातील सेवेशी परस्पर बोलू नये म्हणून ब्रेव्हने २०२३ मध्ये आणि क्रोमने २०२५ मध्ये परवानगी विचारायला सुरुवात केली. ती खिडकी कोणीतरी घाईत ‘नको’ म्हणून बंद केलेली होती. त्या संकेतस्थळाच्या परवानग्यांत जाऊन ती चालू करताच ठसा उमटला.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही बहुधा अशाच स्वतंत्र कार्यक्रमामार्फत चालते, तेव्हा त्याचीही हीच तपासणी करावी. जुन्या पद्धतीच्या जावावर अडकलेली संकेतस्थळे क्रोमियमच्या कोणत्याही ब्राउझरात चालणार नाहीत, कारण तो आधार क्रोमने २०१५ मध्येच काढला. इंटरनेट एक्सप्लोररच मागणाऱ्या संकेतस्थळांसाठी एजमध्ये त्याची वेगळी पद्धत अजून ठेवलेली आहे. परीक्षा शुल्क किंवा विमा हप्ता भरताना पान बँकेकडे जाऊन परत येते, त्या टप्प्यावर अंगभूत जाहिरातरोधक कधी कधी आडवा येतो आणि पैसे जाऊनही पावती येत नाही. म्हणून शुल्क भरण्याआधीच त्या संकेतस्थळापुरता तो बंद करावा. अर्जाच्या अखेरच्या दिवशी नवा ब्राउझर हाती घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

पासवर्ड एका ब्राउझरातून दुसऱ्यात नेताना विशेष जपावे. थेट आयात करण्याची सोय असेल तर तीच वापरावी. ती नसेल, तर पासवर्डची फाइल उतरवून घ्यावी लागते, आणि ती फाइल साध्या मजकुराची असते. कोणीही उघडून सगळे पासवर्ड वाचू शकतो. आयात झाली की ती डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि मग रिसायकल बिनमधूनही काढावी, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून ठेवू नये. केंद्रातील सामाईक संगणकावर तर गिऱ्हाइकाचे काम अतिथी (गेस्ट) खिडकीत करावे आणि ‘पासवर्ड जतन करू का?’ हा प्रश्न सेटिंगमधूनच बंद करून टाकावा. नवा ब्राउझर टाकला की हे सेटिंग पुन्हा मूळपदावर आलेले असते, म्हणून ते पहिल्याच दिवशी पाहावे.